लॉजिक गेममधील नियमबदलाचे प्रश्न: दोन्ही बाजूंनी तपासण्याची पद्धत

लॉजिक गेम म्हणजे दिलेले नियम पाळून काही व्यक्तींची किंवा वस्तूंची मांडणी करण्याचे कोडे, आणि त्यावर विचारलेले काही प्रश्न. असा गेम सोडवताना शेवटी येणारा एक प्रश्न अनेक हुशार विद्यार्थ्यांनाही अडवतो. त्याचा साचा साधारण असा असतो: "वर दिलेल्या नियमांपैकी अमुक नियम काढून टाकला, तर त्याच्या जागी पुढीलपैकी कोणता नियम ठेवल्यास मांडणीवर नेमका तोच परिणाम होईल?" पाचही पर्याय वाचताना खरेच वाटतात, आणि बहुतेक वेळा त्यांतले तीन-चार खरे असतातही. विद्यार्थी पर्याय खरा आहे का, एवढेच तपासतो. प्रश्नाला मात्र त्यापेक्षा बरेच अधिक हवे असते. या लेखात अशा प्रश्नासाठी एक खात्रीची पद्धत उदाहरणासह मांडली आहे.

हा प्रश्नप्रकार मुख्यतः एलसॅट या परीक्षेचा. अमेरिका आणि कॅनडातील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत ३५ मिनिटांचा, चार गेमचा एक स्वतंत्र विभाग असे. जून २०२४ च्या परीक्षेनंतर तो विभाग बंद झाला आणि ऑगस्ट २०२४ पासूनच्या प्रश्नपत्रिकांत तो नाही. तरीही त्या जुन्या प्रश्नपत्रिकांइतके काटेकोर सराव-साहित्य दुसरे क्वचितच मिळते. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसून कॅट (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा), बँक पीओ (बँक अधिकारी भरती) किंवा यूपीएससीच्या सीसॅटची (पूर्वपरीक्षेतला कलचाचणीचा पेपर) तयारी करणाऱ्यांना बैठक व्यवस्थेचे आणि 'कोणते विधान पुरेसे आहे' या धाटणीचे प्रश्न रोज भेटतात, आणि त्या सर्वांच्या मुळाशी तेच कौशल्य आहे: एखादी अट नेमके काय नाकारते आणि काय नाकारत नाही, हे ओळखणे.

प्रश्न नेमके काय मागतो

जुन्या नियमासह ज्या मांडण्या चालत होत्या, त्या सर्व नव्या नियमासह चालल्या पाहिजेत. जुन्या नियमामुळे ज्या बाद होत होत्या, त्या सर्व नव्या नियमामुळेही बाद झाल्या पाहिजेत. या दोन अटींपैकी पहिली मोडणाऱ्या पर्यायाला आपण 'कडक' म्हणू, कारण तो चालणारी मांडणीही बंद करतो. दुसरी मोडणाऱ्या पर्यायाला 'सैल' म्हणू, कारण तो न चालणारी मांडणी आत येऊ देतो. एखादा पर्याय एकाच वेळी कडकही असू शकतो आणि सैलही.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नवा नियम एकट्याने जुन्या नियमासारखा असावा, अशी अपेक्षा नाही. उरलेल्या नियमांच्या सोबतीने त्याचा परिणाम तोच व्हावा, एवढेच पुरते. म्हणूनच बरोबर पर्यायात जुन्या नियमातल्या व्यक्तीचे किंवा वस्तूचे नावसुद्धा नसणे शक्य असते. जुन्या नियमाशी शब्दांनी मिळताजुळता पर्याय शोधण्याची सवय या प्रश्नात नुकसान करते ती याच कारणाने.

एक पूर्ण उदाहरण

पुण्याला व्याख्यानमाला नवीन नाहीत. वसंत व्याख्यानमालेची परंपराच १८७५ पासूनची आहे. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका मंडळाने सोमवार ते शनिवार अशी सहा दिवसांची व्याख्यानमाला ठरवली आहे, असे समजू. दररोज एकच व्याख्यान आहे आणि विषय सहा आहेत: कायदा, संगीत, नाटक, मोडी, गणित आणि विज्ञान. नियम असे:

पहिला: कायद्याचे व्याख्यान नाटकाच्या आधी कधीतरी होते.
दुसरा: नाटकाचे व्याख्यान मोडीच्या आधी कधीतरी होते.
तिसरा: संगीताचे व्याख्यान नाटकाच्या आधी कधीतरी होते.
चौथा: गणित आणि विज्ञान लागोपाठच्या दिवशी होतात, क्रम कोणताही चालेल.

प्रश्न: तिसरा नियम काढून त्याच्या जागी पुढीलपैकी कोणता नियम ठेवल्यास परिणाम तोच राहील?

अ. संगीताचे व्याख्यान मोडीच्या आधी होते.
आ. नाटकाचे व्याख्यान बुधवारच्या आधी होत नाही.
इ. नाटकाचे व्याख्यान बुधवारी किंवा शुक्रवारी होते.
ई. कायदा आणि संगीत लागोपाठच्या दिवशी होतात.
उ. संगीताचे व्याख्यान सोमवार ते गुरुवार यांपैकी एका दिवशी होते.

पुढे वाचण्याआधी वाचकाने दोन मिनिटे स्वतः प्रयत्न करावा. बहुतेकांचा हात 'अ' किंवा 'उ'कडे जातो, कारण त्यांत संगीताचा उल्लेख आहे आणि मूळ नियम पाळला तर ती दोन्ही विधाने खरी ठरतात.

पहिले काम: कोरी आकृती

गेमच्या सुरुवातीला काढलेल्या आकृतीत जुन्या नियमाचे निष्कर्ष मिसळलेले असतात. कायदा आणि संगीत दोन्ही नाटकाच्या आधी, म्हणून नाटक सोमवारी किंवा मंगळवारी नाही, अशा खुणा आपण आधीच करून ठेवलेल्या असतात. तीच आकृती समोर ठेवून पर्याय तपासले, तर काढून टाकलेला नियम आपण नकळत पाळतच राहतो आणि सैल पर्यायही घट्ट वाटू लागतात. म्हणून रफ कागदावर बाजूला, केवळ उरलेल्या नियमांची आकृती नव्याने काढावी. आपल्या उदाहरणात ती अगदी छोटी आहे: कायदा, मग नाटक, मग मोडी अशी एक साखळी, गणित-विज्ञान ही जोडी, आणि कोणतेही बंधन नसलेले, मोकळे संगीत. या कामाला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि माझ्या मते संपूर्ण पद्धतीत यांच्याइतके मोलाचे सेकंद दुसरे नाहीत.

दुसरे काम: जुना नियम मुद्दाम मोडणे

आता उरलेले नियम पाळणारी, परंतु जुना नियम मोडणारी एक मांडणी तयार करायची. म्हणजे संगीत नाटकाच्या नंतर टाकायचे. सर्वात सरळ मांडणी, सोमवारपासून शनिवारपर्यंत:

कायदा, नाटक, संगीत, मोडी, गणित, विज्ञान.

बरोबर पर्यायाने ही मांडणी अडवलीच पाहिजे. जो पर्याय तिला जाऊ देतो तो सैल आहे आणि तत्काळ बाद होतो. 'अ' पाहू: संगीत मोडीच्या आधी आहे, म्हणजे 'अ'ला ही मांडणी मान्य आहे. 'अ' बाद. 'उ' पाहू: संगीत बुधवारी आहे, म्हणजे त्यालाही मान्य आहे. 'उ' बाद. 'आ' आणि 'इ' ही मांडणी अडवतात, कारण नाटक मंगळवारी आले आहे. 'ई'सुद्धा अडवतो, कारण कायदा सोमवारी आणि संगीत बुधवारी आहे. एका मांडणीत दोन पर्याय गेले.

दुसरी मोडणारी मांडणी पहिलीपेक्षा शक्य तितकी वेगळी असावी. पहिलीत जोडी शेवटी होती, म्हणून आता ती सुरुवातीला नेऊ:

गणित, विज्ञान, कायदा, नाटक, संगीत, मोडी.

येथे नाटक गुरुवारी आहे. 'आ'ची अट एवढीच आहे की नाटक बुधवारच्या आधी नको, म्हणून तो ही मांडणी जाऊ देतो आणि बाद होतो. 'इ' अडवतो, कारण गुरुवार हा बुधवारही नाही आणि शुक्रवारही नाही. 'ई'ही अडवतो, कारण कायदा बुधवारी आणि संगीत शुक्रवारी आहे. उरले 'इ' आणि 'ई'.

तिसरे काम: चालणारी मांडणी दाखवणे

आता उलट बाजू. मूळ चारही नियम पाळणारी एक मांडणी घ्यायची आणि उरलेले पर्याय तिला जाऊ देतात का ते पाहायचे. शंका 'ई'बद्दल आहे. तो कायदा आणि संगीत यांना चिकटून बसायला सांगतो. म्हणून त्यांच्या मधे जोडी घालू:

कायदा, गणित, विज्ञान, संगीत, नाटक, मोडी.

मूळ नियमांनुसार ही मांडणी पूर्णपणे चालते. 'ई' मात्र तिला अडवतो, म्हणजे तो कडक आहे. 'इ'ला ती चालते, कारण नाटक शुक्रवारी आहे. उत्तर 'इ'. एकूण तीन मांडण्या लिहिल्या आणि पाच पर्यायांपैकी चार पुराव्यासह बाद झाले.

चालणारी मांडणी दर वेळी नव्याने रचावीच लागते असे नाही. त्याच गेमच्या आधीच्या प्रश्नांची उत्तरे काढताना तयार झालेल्या मांडण्या रफ कागदावर असतातच, विशेषतः 'पुढीलपैकी कोणता क्रम शक्य आहे' या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. 'जर संगीत गुरुवारी असेल तर' अशी जादा अट घालणाऱ्या प्रश्नातली मांडणीही वापरता येते, कारण तिथे मूळ नियम कायम राहून एक अट वाढलेली असते. ज्या प्रश्नात एखादा मूळ नियम शिथिल केलेला असेल, तिथली मांडणी मात्र वापरू नये. नियमबदलाचा प्रश्न त्या गेममध्ये सर्वात शेवटी सोडवावा असे मी आग्रहाने सांगतो ते याच साठ्यामुळे.

'इ' बरोबर का आहे

परीक्षेत चार पर्याय बाद झाले की पुढे जावे. अभ्यास करताना मात्र बरोबर पर्याय का बरोबर आहे हे समजून घेतल्याशिवाय पान उलटू नये, कारण पुढच्या वेळी उत्तर आधीच ओळखण्याची क्षमता तिथूनच येते.

तिसरा नियम नसताना नाटकाच्या आधी कोण कोण येऊ शकते ते पाहू. कायदा नक्की येतो. मोडी कधीच येत नाही. गणित आणि विज्ञान लागोपाठच्या दिवशी असल्याने नाटक त्यांच्या मधे शिरू शकत नाही. म्हणून ती दोन्ही एकतर नाटकाच्या आधी असतात किंवा दोन्ही नंतर. उरते संगीत, जे आधी असेल किंवा नंतर. म्हणजे नाटकाच्या आधी होणाऱ्या व्याख्यानांची संख्या अशी बनते: कायद्याचे एक, जोडीची शून्य किंवा दोन, आणि संगीताचे शून्य किंवा एक. संगीत आधी असेल तर एकूण संख्या दोन किंवा चार होते आणि नाटक तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी, म्हणजे बुधवारी किंवा शुक्रवारी येते. संगीत नंतर असेल तर संख्या एक किंवा तीन होते आणि नाटक मंगळवारी किंवा गुरुवारी येते. तिसरी शक्यताच नाही. त्यामुळे 'नाटक बुधवारी किंवा शुक्रवारी' असे म्हणणे आणि 'संगीत नाटकाच्या आधी' असे म्हणणे, उरलेल्या तीन नियमांच्या सोबतीने, एकच ठरते. या प्रश्नप्रकारातले खरे सौंदर्य मला इथे दिसते: संगीताचे नावही न घेणारा नियम संगीताची जागा पक्की करतो.

घरी सराव करताना मोजदाद करून पाहावी. तिसरा नियम काढल्यावर एकूण ४० मांडण्या शक्य आहेत आणि तो असताना २०. त्याच्या जागी 'अ' ठेवला तर ३०, 'आ' ठेवला तर २८, 'उ' ठेवला तर २६ आणि 'ई' ठेवला तर १६ मांडण्या उरतात. 'इ' ठेवला तर बरोबर २०. केवळ संख्या जुळणे हा पुरावा नव्हे, मांडण्याही त्याच असाव्या लागतात. परंतु सैल म्हणजे किती सैल आणि कडक म्हणजे किती कडक, हे या आकड्यांवरून स्वच्छ दिसते. परीक्षेत ही मोजणी करण्याइतका वेळ अर्थातच नसतो.

उत्तराचा अंदाज आधीच बांधणे

सरावाने काही रूपे ओळखीची होतात. क्रमाच्या गेममध्ये सर्वाधिक आढळणारे रूप म्हणजे उरलेल्यांची यादी. आपल्याच उदाहरणात "नाटकाच्या नंतर मोडी, गणित आणि विज्ञान यांखेरीज दुसरे कोणतेही व्याख्यान होऊ शकत नाही" असा पर्याय दिला असता, तर तोही बरोबर ठरला असता. त्याचा अर्थ होतो की कायदा आणि संगीत दोन्ही नाटकाच्या आधी. त्यापैकी कायद्याचे काम पहिला नियम आधीच करतो, म्हणून नव्याने भर पडते ती फक्त संगीताची. 'यांखेरीज', 'फक्त', 'केवळ हेच' असे शब्द असलेला पर्याय दिसला की त्याला उलटवून, यादीत नसलेल्यांचे काय होते, हे लिहून पाहावे.

गटवारीच्या गेममध्ये जोडीदाराचे आणि संख्येचे रूप येते. समजा सहा जणांचे तीन-तीनचे दोन गट करून एक शनिवारवाडा आणि दुसरा विश्रामबागवाडा पाहायला पाठवायचा आहे: अमेय, बकुळ, दीपा, रोहन, शलाका आणि हर्ष. नियम दोनच: बकुळ आणि दीपा एकाच गटात असतात, अमेय आणि बकुळ वेगळ्या गटांत असतात. दुसरा नियम बदलायचा आहे. "अमेय आणि दीपा वेगळ्या गटांत असतात" हा पर्याय सरळच बरोबर आहे, कारण दीपा कायम बकुळबरोबरच असते. परंतु "रोहन, शलाका आणि हर्ष हे तिघे एकाच गटात नसतात" हाही तितकाच बरोबर आहे. बकुळ आणि दीपा यांच्या गटात एकच जागा उरते. ती अमेयने घेतली, तर उरलेले तिघे आपोआप एकत्र येतात; त्याने घेतली नाही, तर त्या तिघांपैकी एकाला तिथे जावेच लागते. जागा मोजक्या असलेल्या गेममध्ये कोण कुठे नाही हे सांगण्यासाठी उरलेल्यांविषयी बोलणे पुरते. याउलट "रोहन आणि हर्ष वेगळ्या गटांत असतात" हा पर्याय कडक आहे, कारण शलाका बकुळच्या गटात गेली तर रोहन आणि हर्ष दोघेही अमेयबरोबर असतात आणि मूळ नियमाला ते मान्य असते.

'जर-तर'च्या नियमांत सापळा ठरलेला असतो. "रोहन शनिवारवाड्याला गेला, तर शलाका विश्रामबागवाड्याला जाते" असा नियम असेल, तर तो फक्त एकच गोष्ट नाकारतो: दोघे एकत्र शनिवारवाड्याला जाणे. "शलाका शनिवारवाड्याला गेली, तर रोहन विश्रामबागवाड्याला जातो" हा नियमही नेमके तेच नाकारतो, म्हणून तो चालतो. मात्र "शलाका विश्रामबागवाड्याला गेली, तर रोहन शनिवारवाड्याला जातो" हा नियम दोघे एकत्र विश्रामबागवाड्याला जाणे नाकारतो, आणि ती गोष्ट वेगळीच आहे. कोणता नियम काय नाकारतो हे एका ओळीत लिहिण्याची सवय लावली, की 'तर'च्या अलीकडचे आणि पलीकडचे यांतला गोंधळ पुष्कळ कमी होतो.

वेळेचा हिशेब

एलसॅटच्या ३५ मिनिटांत चार गेम म्हणजे एका गेमला पावणेनऊ मिनिटे मिळत. त्यात या एका प्रश्नावर दोन मिनिटांहून अधिक खर्च करणे परवडत नसे. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने, दोन मांडण्या लिहून जेवढे पर्याय बाद होतील तेवढे करून, उरलेल्यांपैकी एक निवडून पुढे जाणे योग्य होते. कॅटमध्ये डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंगच्या विभागाला ४० मिनिटे असतात, पर्याय दिलेल्या प्रश्नाच्या बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि चुकीला १ कापला जातो. दोनच पर्याय उरले असतील तर तिथेही उत्तर देणे फायद्याचेच ठरते. सीसॅटमध्ये चुकीला एक तृतीयांश गुण कापले जातात, पण तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा असल्याने असा वेळखाऊ प्रश्न सरळ सोडून देण्याचा मार्गही खुला असतो.

मांडणी लिहिताना पूर्ण शब्द लिहू नयेत. का, सं, ना, मो, ग, वि अशी आद्याक्षरे पुरतात. मोडणाऱ्या मांडणीपुढे फुली आणि चालणाऱ्या मांडणीपुढे बरोबरची खूण करावी, कारण घाईत दोन्हींची गल्लत होते आणि मग बरोबर पर्यायच बाद केला जातो.

सरावासाठी

वरच्याच व्याख्यानमालेत आता तिसरा नियम परत आणा आणि दुसरा काढा. म्हणजे नाटक मोडीच्या आधी असण्याचे बंधन गेले. "नाटक बुधवारी किंवा शुक्रवारी होते" हा नियम दुसऱ्याच्याही जागी चालेल का? कोरी आकृती काढून पाहिल्यास लक्षात येईल की नाटकाच्या आधी कायदा आणि संगीत ही दोन नक्की आहेत, जोडीची शून्य किंवा दोन आहेत, आणि मोडीचे शून्य किंवा एक. मोडी नंतर असेल तरच नाटक बुधवारी किंवा शुक्रवारी येते. मोडी आधी आली की ते गुरुवारी किंवा शनिवारी सरकते. म्हणजे तोच नियम येथेही चालतो. पहिला नियम काढला तरीही तो चालतो. त्याची तपासणी वाचकाने स्वतः करावी. चौथ्या नियमाच्या जागी मात्र तो चालणार नाही: कायदा, संगीत, नाटक, गणित, मोडी, विज्ञान या मांडणीत नाटक बुधवारीच आहे, पहिले तीन नियम पाळले गेले आहेत, आणि गणित व विज्ञान यांची ताटातूट झाली आहे.